कोड म्हणजे निकाल नव्हे

(बंगळूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सेक्रेटरींनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे छापलेला विषय वाचून सकाळपासून चार-पाच जणांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "सेक्रेटरी, महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा हे सगळे सोडून मोटारीच्या इंजिनावर भाषण? युनियन सोडून गॅरेज काढता की काय?" गॅरेज काढण्याचा विचार नाही. पण आम्ही मूळचे डिझेल शेडमधले फिटर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढचे सगळे शिक्षण पान्याने आणि तेलकट हाताने झाले. तेव्हा इंजिनावर बोलायचा थोडा हक्क आम्हाला आहे असे समजा.

विषय साधा आहे. युनियनची जुनी व्हॅन चढावर झटके देऊ लागली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, आणि त्या दिव्याचा अर्थ नीट न लावल्यामुळे आमच्या हातून एका माणसावर अन्याय झाला. यंत्राचा बिघाड आम्ही माणसाच्या नावावर लिहिला. हेच काम मॅनेजमेंट करते तेव्हा आपण झेंडे घेऊन गेटवर उभे राहतो. या वेळी ते आम्हीच केले. म्हणून हे भाषण.

व्हॅनची हकीकत

आमची व्हॅन पेट्रोलवर चालणारी, सात आसनांची, २०१४ सालची. युनियनने ती २०१८ मध्ये वापरलेली म्हणून घेतली. यशवंतपूर, येलहंका, बैयप्पनहळ्ळी, कृष्णराजपुरम, व्हाइटफील्ड अशी तिची फेरी. ट्रॅकवरच्या माणसांच्या गाठीभेटी, मीटिंगची माणसे आणणे-पोहोचवणे, कुणी आजारी पडला तर हॉस्पिटल, ही तिची कामे. चालवायला आमचे अण्णा. मूळ बेळगावकडचे, टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसमधून निवृत्त झालेले. तीस वर्षे टपालाच्या थैल्या वाहिल्या. युनियन त्यांना दरमहा थोडेसे मानधन देते, पगार म्हणावा इतके ते नाही.

२०२३ च्या जुलैत, पावसाच्या दिवसांत, कृष्णराजपुरम स्टेशनजवळच्या त्या तारांच्या पुलावर आम्ही सहाजण गाडीत बसून चाललो होतो. चढ लागला आणि गाडीने झटके द्यायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर दाबावा तर गाडी पुढे जायच्या ऐवजी अडखळते. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा आधी उघडझाप करू लागला, मग स्थिर झाला. अण्णांनी पाय हलका केला, गिअर उतरवला आणि गाडी सावकाश पुलापार नेली. संध्याकाळी त्यांनी आम्हाला एवढेच सांगितले, "गाडी चढावर एका पायाने लंगडतेय. सपाटीला काही नाही. पाऊस असला की जास्त."

बंधूंनो, या तीन वाक्यांत सगळे निदान होते. आम्ही ते लिहून ठेवले नाही. फिटर असून लिहून ठेवले नाही, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजमध्ये पाठवली. तिथल्या मुलाने यंत्र जोडले आणि दोन कोड वाचले. एक पी ०१७१, म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. दुसरा पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये जळण नीट होत नाही. मुलगा म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गेला." सेन्सर बदलला. कोड पुसले, दिवा विझला, बिल झाले सहा हजार. आठ दिवसांनी दिवा परत आला. मग थ्रॉटल साफ केला, पेट्रोलचा फिल्टर बदलला. एकूण अकरा हजार गेले. चढावरचे झटके होते तिथेच होते.

एवढ्यात आमच्या खजिनदारांनी लॉग बुक काढले. गाडी महिन्याला साधारण तेराशे किलोमीटर चालते. पूर्वी लिटरला तेराची सरासरी होती, म्हणजे शंभर लिटर पेट्रोल. आता सरासरी दहावर आली, म्हणजे एकशे तीस लिटर. तीस लिटर जादा. बंगळुरात तेव्हा लिटरचा दर १०२ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे तीन हजारांवर रक्कम. कार्यकारिणीत कुणीतरी हळूच म्हणाले, "मग हे पेट्रोल जाते कुठे?" हळूच म्हटले, पण सगळ्यांनी ऐकले. आणि त्या महिन्याच्या मानधनातून तीन हजार कापून घ्यावेत असे ठरले. अण्णांना बोलावले नाही. एक शब्द विचारला नाही.

तुम्ही रेल्वेवाले एस.एफ. ११ ओळखता, पोस्टवाले रूल १६ ओळखतात. किरकोळ शिक्षेचे आरोपपत्र आले तरी त्यात खुलासा द्यायला मुदत असते. रेल्वेचे शिस्त व अपील नियम १९६८ चे, टपाल खात्याला लागू असलेले १९६५ चे. या नियमांवर आपण कितीही टीका केली तरी कामगाराचे म्हणणे मागवा, एवढे त्यांत लिहिलेले आहे. आम्ही तेवढेही केले नाही. आमच्या युनियनच्या ऑफिसात, भिंतीवर मे दिनाचे पोस्टर लावलेले असताना, खुलाशाशिवाय वसुली झाली.

अण्णा भांडले नाहीत. गाडीची किल्ली आणि लॉग बुक टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "तीस वर्षं टपालाच्या थैल्या नेल्या. एका थैलीचं सील तुटलं नाही." आणि निघून गेले.

पिन कोड आणि इंजिनाचा कोड

आता ही हकीकत इथे जरा थांबवू आणि हा कोड म्हणजे काय ते पाहू. टपाल कामगारांना तो आमच्यापेक्षा लवकर समजेल.

पिन कोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले कोकणातले गृहस्थ, संस्कृतचे कवी आणि दळणवळण मंत्रालयातले अधिकारी. ५६०००१ हा आकडा घ्या. पहिला ५ म्हणजे दक्षिणेतला हा विभाग, ५६ म्हणजे कर्नाटक, ५६० म्हणजे बंगळूरचा सॉर्टिंग जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे म्हणजे इथले जनरल पोस्ट ऑफिस. डावीकडून उजवीकडे जावे तसतसा पत्ता जवळ येतो.

इंजिनाचा कोड तसाच वाचायचा. पी ०३०३ घ्या. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. बी असेल तर बॉडी, सी असेल तर ब्रेक-स्टिअरिंगकडचा भाग, यू असेल तर गाडीतल्या कॉम्प्युटरांचे आपसातले दळणवळण. दुसरे शून्य म्हणजे हा कोड सर्व कंपन्यांना सारखा, तिथे १ असेल तर बहुधा त्या कंपनीचा खास. नंतरचा आकडा खाते सांगतो. १ आणि २ म्हणजे पेट्रोल व हवा, ३ म्हणजे ठिणगी व जळण, ४ म्हणजे धुराचे नियंत्रण. आणि शेवटचे ०३ म्हणजे तिसरा सिलिंडर. तिथे ०० असते तर एकच सिलिंडर नव्हे, कोणताही अधूनमधून चुकतो आहे असा अर्थ.

पण पिन कोड पत्र कुठपर्यंत नेतो? पोस्ट ऑफिसपर्यंत. पुढे गल्ली, घर, जिना आणि दार हे पोस्टमनलाच शोधावे लागते. "तिसऱ्या सिलिंडरमध्ये जळण होत नाही" एवढे कोडने सांगितले. का होत नाही ते सांगितले नाही. ठिणगी नसेल, पेट्रोल पोहोचत नसेल किंवा व्हॉल्व्ह गळत असल्याने दाब धरत नसेल. पोस्टमन पाकिटावर "दार बंद" असा शेरा मारतो तेव्हा तो खरे लिहितो. पण माणूस गावाला गेला, दवाखान्यात आहे, की घर सोडून गेला, हे त्या शेऱ्यात नसते.

हे कोड मोटारीत आले ते धुरामुळे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९८८ पासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवावेत अशी सक्ती केली आणि १९९६ पासून तिथे सर्व नव्या मोटारींना एकच प्लग व एकच कोडपद्धत आली. आपल्याकडे चारचाकींना ही व्यवस्था भारत स्टेज ४ बरोबर १ एप्रिल २०१० पासून आली. तेव्हा ती तेरा शहरांत होती. त्यांत बंगळूर होते, मुंबई-पुणे होते आणि आपले सोलापूरही होते. १ एप्रिल २०१३ पासून तिचा पुढचा, जास्त बारीक टप्पा लागू झाला. म्हणून २०१३ नंतरची व्हॅन असेल तर स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे सॉकेट सापडते. हजार-दीड हजारांचे छोटे यंत्र तिथे लावून मोबाईलवरही कोड वाचता येतात.

एका बिघाडाचे दोन कोड

आता जे आमच्या ध्यानात यायला हवे होते आणि आले नाही, ते सांगतो.

पेट्रोल इंजिनात एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते. हे प्रमाण सांभाळायला धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. जळून आलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते तो बघतो. ऑक्सिजन जास्त उरला तर कॉम्प्युटर समजतो, पेट्रोल कमी पडले, आणि तो पेट्रोल वाढवतो.

समजा तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही. आत गेलेली हवा आणि पेट्रोल न जळता तसेच बाहेर पडले. हवेतला ऑक्सिजन वापरलाच गेला नाही, तो सेन्सरसमोर आला. सेन्सरने प्रामाणिकपणे कळवले, "ऑक्सिजन फार आहे." कॉम्प्युटरने हुकूम सोडला, "पेट्रोल वाढवा." तो हुकूम चारही सिलिंडरना गेला. म्हणजे तीन सिलिंडर चांगले काम करत असताना त्यांना गरज नसलेले जादा पेट्रोल, आणि चौथा उपाशी नव्हे तर बेकार. पेट्रोल वाढवून वाढवून मर्यादा संपली की पी ०१७१ लागतो.

तेव्हा दोन कोड दिसले, पण बिघाड एकच. पी ०३०३ हा बाप आणि पी ०१७१ हा मुलगा. आम्ही मुलाला धरले. सेन्सर खरे बोलत होता, त्यालाच काढून भंगारात टाकले. आणि जादा गेलेले पेट्रोल कुठे जाते, याचे उत्तर सायलेन्सरच्या नळीत होते. ते आम्ही अण्णांच्या खिशात शोधले.

मेस्त्रीची बदली

अण्णा गेल्यावर गाडी आमच्या दुसऱ्या एका सहकाऱ्याने चालवली. पंधरा दिवसांनी खजिनदारांनी लॉग बुकची बेरीज केली आणि तेच आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "सरासरी अजून दहाच आहे." चालवणारा बदलला आणि पेट्रोल मात्र तेवढेच जाते आहे. पुढचे बोलायची गरज राहिली नाही.

मग आम्ही गाडी जे.सी. रोडच्या मागच्या गल्लीत एका जुन्या मेस्त्रीकडे नेली. बंगळूरकरांना जे.सी. रोड सांगायला नको. मोटारीचा कुठलाही सुटा भाग तिथे मिळतो आणि तो बसवणारा माणूसही मिळतो. या मेस्त्रीने यंत्र हातात घेण्याआधी एकच विचारले, "गाडी रोज कोण चालवतो? त्याला घेऊन या."

आता कोणत्या तोंडाने जायचे? तरी गेलो. अण्णांनी चहा दिला, ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमच्यासाठी नाही, गाडीसाठी येतो."

अण्णांनी मेस्त्रीला तेच सांगितले, जे आम्हाला सांगितले होते. चढावर लंगडते, सपाटीला नाही, पावसात जास्त. मेस्त्रीने मान हलवली. मग यंत्र लावले. कोड लागतो त्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती, याची एक नोंद कॉम्प्युटर जपून ठेवतो. तिला फोटोच म्हणा. त्यात निघाले: वेग ताशी ३२, इंजिनाचे फेरे २४००, इंजिनावरचा भार ऐंशी टक्क्यांच्या वर, पाण्याचे तापमान ८८ अंश. मेस्त्री म्हणाला, "इंजिन तापलेले नाही, कुणी ते पिळलेले नाही. बिचारी चढ चढतेय आणि ठिणगी पडत नाही."

भारावरच ठिणगी का चुकते, हेही समजून घ्या. चढावर सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरते, दाब वाढतो. दाबलेल्या वायूतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. कॉइलच्या रबराला बारीक चीर असेल तर सपाटीवर ती चालून जाते, पण भार आला की वीज प्लगच्या टोकाला जायचे सोडून चिरेतून बाजूच्या लोखंडात पळते. हवेत दमटपणा असला की तिला पळायला आणखी सोपे. अण्णांचे "चढावर, पावसात" हे शब्द इथे चपखल बसतात.

पण मेस्त्रीने लगेच कॉइल बदलली नाही. आमच्या गाडीला प्रत्येक सिलिंडरवर वेगळी कॉइल आहे. त्याने तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली. प्लगला हात लावला नाही. कोड लिहून घेऊन पुसले, पाचजणांना गाडीत बसवले आणि अण्णांना चढाच्या रस्त्यावर नेऊन आणायला सांगितले. गाडी परत आली तेव्हा कोड होता पी ०३०१. बिघाड तिसऱ्या सिलिंडरवरून पहिल्यावर गेला, म्हणजे कॉइलबरोबर गेला. प्लग दोषी असता तर कोड तिसऱ्यावरच राहिला असता. खर्च शून्य, वेळ एक तास.

बंधूंनो, आपण बदलीला घाबरतो. पण तपासात बदली कामाची आहे. आम्ही माणसाची बदली केली, दोष गाडीतच राहिला. मेस्त्रीने कॉइलची बदली केली, दोष कॉइलबरोबर गेला. कॉइल काढून दाखवली तर रबराच्या आत केसासारखी काळी रेघ. एक नवी कॉइल, चार नवे प्लग आणि मजुरी धरून तीन हजारांच्या आत काम झाले. प्लग चारही बदलले, कारण त्यांच्या टोकांतली फट झिजून वाढली होती. फट वाढली की कॉइलवर ताण येतो आणि नवी कॉइलही लवकर जाते. कॉम्प्युटर आधी नेहमीपेक्षा बावीस टक्के जादा पेट्रोल देत होता, ते चारावर आले. महिनाअखेर सरासरी परत तेराच्या घरात.

घरी-दारी उपयोगी पडेल असा क्रम

तुमच्यापैकी अनेकांनी निवृत्तीच्या पैशातून किंवा मुलाच्या धंद्यासाठी जुनी व्हॅन घेतली असेल. त्यांच्यासाठी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट दिव्याची. किल्ली फिरवल्यावर तो पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही लागतच नसेल तर कुणीतरी तो तोडून ठेवला आहे असे समजा आणि ती जुनी गाडी विकत घेऊ नका. दिवा स्थिर असेल तर सावकाश गाडी चालवून गॅरेजपर्यंत नेता येते. उघडझाप करत असेल तर जळण चुकते आहे आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळते आहे. लगेच पाय हलका करा आणि थांबा. तो भाग कॉइलच्या कितीतरी पट महाग असतो. अण्णांनी त्या पुलावर पाय हलका केला म्हणून आमचा वाचला.

दुसरी गोष्ट, कोड पुसण्याआधी सगळे कागदावर लिहून घ्या आणि त्यांच्यासोबतचा तो फोटोही लिहून घ्या. काही गॅरेजवाले बॅटरीची वायर काढून दिवा घालवतात. त्याने बिघाड जात नाही, पुरावा जातो.

तिसरी, चालवणाऱ्याला विचारा. थंड असताना की तापल्यावर? चढावर की उभ्या गाडीत? पावसात? पेट्रोल भरल्यानंतर लगेच? टाकी रिकामी होत आल्यावर? प्रत्येक उत्तराने दोन-तीन शक्यता गळून पडतात.

चौथी, फुकटच्या गोष्टी आधी. एअर फिल्टर, बॅटरीचे आणि अर्थचे सांधे, हवेच्या नळ्यांच्या चिरा, ढिले प्लग-सॉकेट, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. सीटखाली इंजिन असलेल्या व्हॅनमध्ये उंदराला उबेची जागा मिळते, हे विसरू नका.

पाचवी, पेट्रोल कमी पडते असा एकटाच कोड असेल आणि जळणाचा कोड नसेल, तर कॉम्प्युटर पेट्रोल केव्हा वाढवतो ते बघा. उभ्या गाडीत जास्त वाढवत असेल आणि फेरे वाढल्यावर कमी, तर बहुधा कुठून तरी चोरून हवा आत येते. उलट भारावर जास्त वाढवत असेल तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर दमला असावा. पण पंप बदलण्याआधी गेज लावून पेट्रोलचा दाब मोजून घ्या. मोजल्याशिवाय महाग भाग बदलू नये.

सहावी, सारखे भाग असतील तर अदलाबदल करून पाहा. काही गाड्यांत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते, तिथे दोन कोड जोडीने येतात. आणि जुन्या काळी चालू इंजिनाची प्लगची वायर ओढून कोणता सिलिंडर मेला ते बघत असू, तसे या गाड्यांत करू नका. झटका जबर बसतो, कॉइल जाते आणि कन्व्हर्टरही.

सातवी, काम झाल्यावर त्याच चढावर, तेवढीच माणसे घेऊन गाडी चालवून पाहा. दिवा विझला म्हणजे गाडी सुधारली असे नाही.

शेडमधला धडा

आम्ही शेडमध्ये लागलो तेव्हा अल्को इंजिने होती. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेले ते डब्ल्यू.डी.एम.२, सोळा सिलिंडरचे, २६०० अश्वशक्तीचे. त्याला कोड नव्हता. धूर काळा तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा तर तेल जळते आहे, पांढरा तर डिझेल न जळता जाते किंवा पाणी शिरले. फेरे आपोआप वर-खाली होऊ लागले की आम्ही म्हणायचो, हंटिंग करतेय, गव्हर्नर बघा. आणि सगळ्यांत आधी बघायचो ते ड्रायव्हरने वहीत केलेले बुकिंग. जुने उस्ताद सांगत, ज्याच्या बुडाखाली इंजिन चालते त्याला ते आधी कळते.

पुढे चार हजार अश्वशक्तीची डब्ल्यू.डी.जी.४ आली. पहिली इंजिने १९९९ मध्ये अमेरिकन कंपनीकडून आणली, नंतर ती वाराणसीत बनू लागली. त्यांत कॉम्प्युटर, पडद्यावर दोषाचा संदेश, मागच्या दोषांची यादी. फार उपयोगी व्यवस्था. आम्ही तिच्या विरोधात नाही. पण तिच्याबरोबर एक सवय आली. पडद्यावर काय लिहिले ते आधी वाचायचे, आणि चालवणाऱ्याने काय लिहिले ते नंतर, वेळ उरला तर. आज पोस्टमनच्या हातात मोबाईल आहे, सॉर्टिंगला यंत्र आहे, लोको पायलटच्या पाठीशी नोंदणारे यंत्र आहे. प्रत्येक यंत्र आकडा देते. तो आकडा उद्या एखाद्या कामगाराच्या आरोपपत्राला जोडून येईल. तेव्हा युनियनच्या कार्यकर्त्याला विचारता आले पाहिजे: हा आकडा नेमके काय मोजतो? तो बाप आहे की मुलगा? त्या क्षणीची बाकीची नोंद कुठे आहे? पुसली असेल तर कुणी पुसली? माणूस बदलून तोच आकडा येतो का? हे प्रश्न विचारायला इंजिनियर व्हावे लागत नाही.

आणि तोच आकडा कधी कामगाराला वाचवतो, हेही ध्यानात ठेवा. अण्णांना निर्दोष ठरवले ते लॉग बुकातल्या दहाच्या सरासरीने, ज्या सरासरीने आम्ही त्यांना दोषी धरले होते तिनेच. आकडा तोच होता. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी आम्ही तो पूर्ण वाचला.

पुढच्या कार्यकारिणीत आम्ही उभे राहून अण्णांची माफी मागितली आणि ती मिनिट बुकात लिहून घेतली. कापलेले तीन हजार परत केले. परत या अशी विनंती केली. अण्णांनी पैसे घेतले, आणि एक अट घातली. लॉग बुकात तारीख, किलोमीटर आणि पेट्रोल असे तीनच रकाने होते. चौथा रकाना आखा, म्हणाले.

आता आमच्या लॉग बुकात चौथा रकाना आहे. त्याच्या डोक्यावर लिहिले आहे, "ड्रायव्हरचे म्हणणे". सेक्रेटरीने रोज तो वाचून सही करायची असा नियम आहे. परवाची नोंद आहे, "मागच्या डाव्या चाकातून ब्रेक लावताना आवाज." उद्या गाडी मेस्त्रीकडे जाणार आहे.